अंडी ठेवताना बोलायचं नाही

खुराडं रोज सकाळी झाडलं तरी दुसऱ्या सकाळी तेवढंच साठलेलं असतं. कोंबड्यांचे किस्सेही तसेच. एक सांगून हात झटकावा तर दुसरा समोर हजर. आमच्या गल्लीत ते माझ्याकडंच जास्त साठलेत, कारण दिवसभर घरी सापडणारा मी एकटाच.

आमचं गाव कर्नाटकात, निपाणीच्या अलीकडं, हायवेवरून खाली उतरलं की लगेच. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. मी नववीत शाळा सोडली. त्यानंतर गॅरेजला गेलो, मोबाइलच्या दुकानात बसलो, पण गिऱ्हाईक आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. बसमध्ये कंडक्टरला 'निपाणी एक' म्हणतानासुद्धा मला घाम फुटतो. कोंबड्या काही विचारत नाहीत, म्हणून मी कोंबड्या पाळल्या.

माझा चुलत भाऊ सुरेश गोव्यात एका हॉटेलात आहे. त्यानं मालकाकडं माझ्यासाठी शब्द टाकलाय. काउंटरवर जागा झाली की मालक फोन करणार, आणि मी लोंढ्याहून गोव्याच्या रेल्वेत बसायचं. आप्पांनी मला तेव्हाच सांगून टाकलं होतं, "फोन येईपर्यंत कोंबड्या कर. आला की जायाचं. त्यात बोलणं न्हाय."

तर हे सगळं फोन यायच्या आधीचं.

*

आमची कबरी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायची हौस तिला आली. खुडूक कोंबडी कुठंही बसते आणि एकदा बसली की उठत नाही. कबरी बसली ती शेजारच्या अशोकअण्णाच्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या सीटमागं, पोत्यांच्या घडीवर. टेम्पो आमच्या भिंतीलाच टेकून उभा असतो.

सकाळी अण्णा भाजी भरून बेळगावला निघाला. संकेश्वर गेल्यावर त्यानं पाण्याच्या बाटलीसाठी सीटमागं हात घातला आणि मला फोन केला.

"संज्या, तुझी कोंबडी माझ्या गाडीत हाय."

"अण्णा, खाली सोडू नका तिला."

"सोडतोय कशाला? हात लावू दीना मला. माझीच गाडी आणि मलाच फोडून काढलंय."

ती बेळगावच्या मार्केटला गेली. हमाल बघायला आले. एकानं तिला मूठभर ज्वारी घातली, तीही तिनं खाल्ली नाही. माल उतरला, रिकामी गाडी परत फिरली, संध्याकाळी कबरी पुन्हा आमच्या भिंतीला लागली, तीच पिसं फुगवून, त्याच घडीवर.

मी तिला उचलायला गेलो तर अण्णा थकून पायरीवर बसला होता. म्हणाला, "दोनदा करकचून ब्रेक मारला रं. हलली न्हाय. माझा क्लीनर अस्ता तर काचंतनं बाहेर गेला अस्ता."

*

टेम्पोत तिच्याखाली अंडी होती, पण एवढे हादरे खाल्ल्यावर ती काही कामाची नव्हती. आईनं नवीन अंडी जमवली आणि कबरीला घरात, कोपऱ्यातल्या वेताच्या बुट्टीत बसवायचं ठरलं.

आईचं माहेर खानापूरकडचं. तिकडची एक रीत ती घेऊन आली आहे. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी हातात घेतली की बोलायचं नाही. शेवटचं अंडं कोंबडीनं चोचीनं पोटाखाली ओढून घेईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं तर अंडी आतून पातळ होतात आणि पिल्लू धरत नाही.

आप्पा या रीतीला हसायचे. "अंड्याला कान अस्तात काय गं?"

"तुमाला न्हायत, अंड्याला हायत," आई म्हणाली.

पहिल्यांदा आईनंच अंडी पदरात घेतली आणि निघाली. चार पावलांत दूधवाला आला. आई म्हणाली, "आज अर्धाच घाल." मग कपाळावर हात मारून परत स्वयंपाकघरात. दुसऱ्यांदा शेजारच्या शांताक्काला बोलावलं. शांताक्का म्हणजे अशोकअण्णाची आई. तिनं अंडी घेतली, ओठ घट्ट मिटले, बुट्टीपर्यंत पोचली आणि कबरीनं टोचल्यावर तिच्या तोंडातून कबरीच्या सात पिढ्या निघाल्या.

मग दोघींनी माझ्याकडं बघितलं.

मी अंडी शर्टाच्या ओच्यात घेतली, एकेक करून ठेवली, कबरीनं मला तीनदा टोचलं, मी हूं केलं नाही. सगळं झाल्यावरही मी गप्पच होतो. आई म्हणाली, "झालं रं, आता बोल."



त्या वेळी पिल्लं चांगली निघाली. तेव्हापासून गल्लीत कुणाचीही कोंबडी खुडूक झाली की हाक मलाच.

*

दुसऱ्याच्या घरी गप्प राहणं अवघड असतं. शांताक्काच्या घरी तर फारच.

तिची काळी कोंबडी बसवायला मी गेलो. अंडी ओच्यात घेतली. शांताक्का मागून चालू लागली.

"जेवलास काय रं?"

मी मान हलवली.

"काय जेवलास?"

मी नुसता बघत राहिलो.

"बोल की रं. असा काय मुक्यावानी? लगीन कसं व्हायचं तुझं?"

मी तोंड उघडायच्या आत तीच ओरडली, "बोलू नको, बोलू नको! अंडी हायत हातात!"

एवढ्यावर ती थांबली नाही. अंडी ठेवून होईपर्यंत तिनं मला गोव्याला कधी जाणार, तिकडं मासे खावे लागतात ते जमेल का, सुरेशनं बायको स्वतःच बघितली हे खरं का, सगळं विचारून घेतलं. उत्तरंही तिनंच दिली. शेवटचं अंडं काळीनं पोटाखाली ओढलं तेव्हा मी मोकळा झालो.

दारात ती माझ्या आईला म्हणाली, "लई गुणी पोरगं. आज किती बोलत बसलावतो आमी."

*

त्याच काळीखालचा एक किस्सा.

दिवस भरले, पिल्लं निघाली, एक अंडं तसंच राहिलं. काळी ते सोडून उठेना. पिल्लं बुट्टीबाहेर चिवचिवतात आणि ही एका अंड्यासाठी बसून. शांताक्का म्हणाली, थांबू. आई म्हणाली, थांबू. मी रोज जाऊन ते कानाला लावून हलवायचो. नासलं असतं तर खळखळ वाजलं असतं. हे वाजायचं नाही. आत काहीतरी घट्ट होतं.

"पिल्लू भरलंय," शांताक्का म्हणायची. "आळशी हाय, एवढंच."

वास येऊ लागला तेव्हा ते घरामागच्या परड्यात नेऊन मी दगडावर फोडलं. आतून उकडलेलं अंडं निघालं. काळपट पडलेलं, पण उकडलेलं.

शांताक्का माझ्याकडं संशयानं बघू लागली. अंडी मीच ठेवली होती. एवढ्यात तिची नात पिंकी शाळेतून आली. ती तिसरीत आहे. आमच्याकडं शाळेत दुपारच्या जेवणात उकडलेलं अंडं देतात. पिंकीनं दगडावरचं बघितलं आणि भोकाड पसरलं.

"माझं हुतं त्ये! मी खाल्लं न्हाय, काळीला दिलंतं. मला एक पिल्लू माझं एकटीचं पायजे हुतं."

शांताक्का कपाळाला हात लावून खाली बसली. मी एक पिल्लू उचलून पिंकीच्या हातात दिलं. तिनं रडणं थांबवून ते उलटंपालटं करून बघितलं.

"ह्ये शाळेतलं न्हाय," ती म्हणाली, आणि परत रडायला लागली.

*

खुडूक कोंबडी बसवणं सोपं, तिची खुडूक मोडणं अवघड. ऐन पावसाळ्यात काळी पुन्हा खुडूक झाली. त्या गारठ्यात पिल्लं जगत नाहीत, म्हणून तिला बसू द्यायची नव्हती. पाण्यात बुचकळून झालं. नाकात पीस घालून झालं. मग शांताक्कानं तिच्या पायाला एक प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पिशवी वाजली की कोंबडी बिचकून पळत राहते आणि बसायचं विसरते, असा तो उपाय.

काळी पळाली. पिशवीत वारा भरला तशी आणखी पळाली. शांताक्काचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्यामागं मी पळालो. गल्ली, देऊळ, पाण्याची टाकी, आणि तिथून काळी थेट पंचायतीच्या हॉलमध्ये. आत मीटिंग चालली होती. ती टेबलाखालून गेली आणि खुर्चीवरच्या साहेबांच्या पायात जाऊन अडकली.

साहेब नवीन बदलून आलेले, कानडी बोलणारे. "यार्दु कोळी?" त्यांनी विचारलं. कोंबडी कुणाची?

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी हात वर केला.

साहेब हसले, एका रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं. "कूड्री," म्हणाले.

बसा म्हटल्यावर मी बसलो. मी कोंबडी न्यायला आलोय, मला मीटिंगशी काही देणंघेणं नाही, हे मला मराठीतही सांगता आलं नसतं. काळीला मांडीवर घेतलं, पायाची पिशवी सोडली. आता पळायचं कारण उरलं नाही तशी ती माझ्या मांडीतच पिसं फुगवून बसली. गटारीचा विषय झाला, दिव्यांचा झाला. चहा आला तसे लोक चहा पिऊन एकेक करून उठले. मला उठता येईना, मांडीवर कोंबडी होती.

शेवटी पाण्याच्या कमिटीला एक तरुण सभासद हवा होता. साहेबांनी हॉलमध्ये नजर फिरवली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काळी गावली काय?"

"गावली."

"मग एवढा वेळ?"

"मी पाण्याच्या कमिटीत हाय आता."

आप्पा जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "तू काय बोललास तिथं?"

"काय न्हाय."

"म्हणूनच घेतलं अस्तील," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ भाकरी मोडत राहिले. "पण गोव्याला जाताना त्यास्नी सांगून जा. कमिटीला खोळंबा नको."

*

पावसाळा सरल्यावर कबरीनं पुन्हा पिल्लं काढली आणि घारीनं ती उचलायला सुरुवात केली. घार आवाज करत नाही. कबरीनं एकदम कर्र केलं की वर बघायचं, तोपर्यंत एक कमी झालेलं असतं. मी दिवसभर अंगणात काठी घेऊन उभा. मान वर ठेवली की दुखते, खाली केली की पिल्लू जातं. फार कंटाळवाणं काम आहे ते. कुणी म्हणालं गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगा, टांगल्या. घारीनं त्यातच तोंड बघितलं असेल.

एका रविवारी आप्पा घरी होते. मला गिरणीला जायचं होतं. मी म्हणालो, "आप्पा, जरा पिल्लांकडं बघता काय?"

"कोंबड्या राखायला घातलंय काय मला? उद्या तू गेलास की सगळ्या विकून खुराडं मोडणार हाय मी."

मी दळण उचललं आणि गिरणीला गेलो. गिरणीत गर्दी होती. जीव सगळा घरी. घाईघाईनं परत आलो तर आप्पा अंगणात पाटावर बसलेले, वखारीला नेतात ती मोठी काळी छत्री उघडून. छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून त्यांनी ती खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर धरली होती. खाली कबरी आणि सगळी पिल्लं.

"आप्पा, ऊन न्हाय की आज."

"मग पाऊस यील."

"पण छत्री तुमच्या डोक्यावर न्हाय."

"हात दुखाय लागला, म्हणून खाली धरलीया," आप्पा म्हणाले. "पीठ आत ठेव जा, उभा काय ऱ्हायलास?"

*

एक आणखी सांगतो. हा कुणाला हसू येण्यासारखा नाही, पण त्याच पिल्लांचा आहे.

कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, दाणा फोडून त्यांच्यापुढं टाकते, कुत्र्याच्या अंगावर धावून जाते. आणि मग एका सकाळी, काहीही झालेलं नसताना, त्यांना टोचायला लागते. पिल्लू सवयीनं जवळ आलं की डोक्यात चोच. पिल्लांना कळतच नाही. ती परत परत येतात आणि परत परत मार खातात. दोन-तीन दिवसांत त्यांना समजतं, मग आपापली चरायला लागतात. कबरी पुन्हा अंडी घालायला मोकळी.

त्या सकाळी आम्ही तिघं दारात चहा पीत ते बघत होतो. एक पिल्लू चौथ्यांदा गेलं आणि चौथ्यांदा मार खाऊन आलं.

आप्पा म्हणाले, "तिला कळतंय बघ. कवा लांब करायचं त्ये कोंबडीलाबी कळतंय."

 आप्पांच्या कपात चहा शिल्लक होता, तो कप आईनं उचलला आणि आत घेऊन गेली.

आप्पा रिकाम्या हाताकडं बघत बसले. "मी काय वाईट बोललो काय?" त्यांनी मला विचारलं.

*

आणि मग फोन आला. आधी सुरेशचा. जागा झाली होती. मालक सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आप्पांच्या नंबरवर फोन करणार, माझ्याशी दोन शब्द बोलणार, एवढंच. "फक्त मोकळेपणानं बोल," सुरेश म्हणाला. "काउंटरचं काम हाय. त्यास्नी एवढंच बघायचंय, पोरगं बोलतंय का."

रविवारी मी परड्यात जाऊन कोंबड्यांसमोर बोलून बघितलं. नमस्कार सर, माझं नाव संजय. तिसऱ्यांदा तेही नीट निघेना. आईनं माझे दोन शर्ट धुऊन इस्त्रीला दिले. ती दिवसभर कमी बोलली, आणि आमच्या घरात ती कमी बोलली की सगळं घर दमल्यासारखं होतं. कबरी त्या आठवड्यात पुन्हा खुडूक झाली होती. अंडी जमवून टोपलीत ठेवली होती, पण बसवायचं कुणी बोलत नव्हतं. बसवून करायचं काय, बघणार कोण?

सोमवारी आप्पा वखारीतून लवकर आले. हातपाय धुतले, फोन खिशात आहे का चाचपला, घड्याळ बघितलं. मी केस विंचरून दारात उभा होतो. 

आप्पा आत गेले आणि अंड्यांची टोपली घेऊन बाहेर आले. त्यांनी अंड्यांना हात लावलेला मी कधी बघितला नव्हता.

"कबरीला बसव," ते म्हणाले.

"आत्ता? आप्पा, फोन..."

"आत्ताच. उद्या अमावास्या हाय. मग चालत न्हाय म्हणं तुमच्यात."

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग आप्पांकडं बघितलं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

आप्पांनी एकेक अंडं स्वतःच्या हातानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या ओच्यात घातलं. मी बुट्टीपाशी वाकलो. पहिलं अंडं ठेवलं, कबरीनं टोचलं, आणि फोन वाजला.

आप्पांनी फोन उचलला, स्पीकर लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"हॅलो, संजय काय? मी सुरेशच्या हॉटेलातून बोलतोय. बोल बाबा."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा बुट्टीकडं बघत होते. मी दुसरं अंडं ठेवलं.

"हॅलो? ऐकू येतंय ना? शिक्षण किती झालंय तुझं?"

तिसरं. कबरी गुरगुरली.

"ही कोण बोलतेय? हॅलो! आवाज येत नाही का माझा?"

"येतोय की," आप्पा म्हणाले. "मी त्याचा वडील बोलतोय. तुमचा आवाज एकदम क्लिअर हाय."

"मग मुलगा कुठाय?"

"हितंच हाय, माझ्या म्होरं."

"मग बोलत का नाही तो?"

"आता काय सांगू तुमास्नी," आप्पा म्हणाले. "पोरगं गुणी हाय. पण बोलत न्हाय."

पलीकडं भांडी वाजत होती. "अहो, माझं काउंटरचं काम आहे. तिथं न बोलून कसं चालेल?"

"व्हय, त्येबी खरंच हाय तुमचं."

"सुरेशनं हे सांगायला पाहिजे होतं मला."

"सांगाय पायजे होतं," आप्पा म्हणाले.

फोन बंद झाला. मी उरलेली अंडी ठेवली. एकही फुटलं नाही. शेवटचं अंडं कबरीनं चोचीनं ओढून पोटाखाली घेतलं, पिसं पसरली आणि डोळे अर्धे मिटले.

आप्पांनी फोन खिशात घातला. वाकून बुट्टी भिंतीकडं थोडी सरकवली, वारा लागू नये म्हणून पोतं आडवं लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"एवढं दोन शब्द बोलायला काय झालतं रं तुला?"